वदंतेवर उतारा : न्यायालयाची नक्कल

(रांजणगाव गणपती येथे ग्रामस्थ व कामगार बंधूंच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. फौजदारी न्यायालयातील नोंदी कशा शोधाव्यात आणि त्यांच्या नकला कशा मागाव्यात, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे. न्यायालय म्हटले की सज्जन मनुष्य चार पावले मागे सरतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्याच्यावर ती पायरी चढण्याची वेळ एकदा आली, त्याने उतरताना हातात निकालाचा कागद घेऊनच उतरले पाहिजे. तो कागद न घेता घरी परतलेली माणसे पुढे वर्षानुवर्षे त्याची किंमत मोजतात.

रांजणगावचे जीवन गेल्या काही दशकांत पार बदलून गेले. महागणपतीच्या दर्शनाला येणारा भाविक पूर्वीही होता, आजही आहे. औद्योगिक वसाहत मात्र नवी. तिच्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि परप्रांतांतून माणसे येथे आली; खोल्या भाड्याने गेल्या, ठेकेदारी वाढली, जमिनीचे भाव चढले. कारखान्यात कामाला लागताना चारित्र्य पडताळणी आली. आणि जेथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, तेथे वदंता लवकर पसरते. ‘त्याच्यावर केस आहे’ एवढे तीन शब्द पारावर कोणी उच्चारले, की सोयरीक मोडते, नोकरी जाते, निवडणुकीत नाव खराब होते. ती केस कसली, कोणत्या न्यायालयात चालली, तिचा निकाल काय लागला, हे विचारायला कोणी थांबत नाही.

एक उदाहरण घ्या. बांधावरून दोन भावकींत भांडण झाले. फिर्याद झाली. भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे लागली. शिरूरच्या न्यायालयात खटला उभा राहिला; दोन-तीन वर्षांनी थोरांनी मध्यस्थी केली, तडजोड न्यायालयात नोंदविली गेली आणि प्रकरण मिटले. सर्वजण घरी आले. नक्कल कोणीच घेतली नाही. दहा वर्षांनी त्याच घरातील आरोपी तरुण नोकरीसाठी अर्ज करतो आणि पोलिसांच्या नोंदीत गुन्हा दिसतो. वस्तुतः कायद्याने मान्य केलेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. परंतु हे दाखवायचे कशाने? तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. त्याला हवा असतो दोन पानांचा, न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद.

परंपरा कागदाची

निर्णय लेखी असावा, तो साक्षीने व्हावा आणि संबंधिताच्या हाती पडावा, ही कल्पना आपल्याला इंग्रजांनी शिकविलेली नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद चाले, निर्णय महजरात उतरविला जाई, त्यावर सभासदांची नावे व निशाण्या पडत आणि ज्याचा पक्ष खरा ठरला त्याच्या हाती तो कागद दिला जाई. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांनी हे महजर पेटीत जपले, म्हणून आज इतिहासकारांना त्या काळची न्यायव्यवस्था कळते. आजही न्यायालयात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला ‘निशाणी क्रमांक’ पडतो.

मूळ कागदाशी ताडून पाहिलेली प्रत का हवी, हे सांगायला महाराष्ट्राला वेगळा दाखला लागू नये. ज्या थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव येथील महागणपतीच्या मंदिराशी परंपरेने जोडलेले आहे, त्यांच्या धाकट्या बंधूंचा, नारायणरावांचा, १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, ही ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. एका अक्षराच्या फेरफाराने काय घडू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही. रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपण आदराने घेतो, ते त्यांनी या प्रकरणात सत्तेपुढे मान तुकविली नाही म्हणून. न्यायाची चाड असणाऱ्या समाजाने ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. अस्सल कागद पाहावा, हाच त्यातील बोध होय.

नोंद कोणाच्या दप्तरी?

आता मुद्द्याकडे वळू. नोंद शोधणारा बहुधा पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण कोणता कागद कोणत्या कार्यालयात असतो हे त्याला ठाऊक नसते.

फिर्याद नोंदविली जाते पोलीस ठाण्यात. या परिसरासाठी रांजणगाव एमआयडीसी पोलीस ठाणे आहे आणि ते पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या अखत्यारीत येते. मात्र ठाण्यांच्या हद्दी काळानुसार बदलतात. आपल्या गावातील जुना गुन्हा शिरूर पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत सापडू शकतो, हे ध्यानात ठेवावे. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात घटना घडली असेल तर यवत किंवा दौंड ठाणे आणि दौंडचे न्यायालय पाहावे लागेल.

तपास संपला की दोषारोपपत्र न्यायालयात जाते. आपल्या तालुक्याचे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी शिरूरला, म्हणजे घोडनदीला बसतात. मारामारी, चोरी, फसवणूक, अपघात अशी बहुसंख्य प्रकरणे तेथेच चालतात. खून, दरोडा, बलात्कार यांसारखे गुन्हे सत्र न्यायालयापुढे चालतात. दंडाधिकारी असे प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आदेश देतात. तो आदेश वाचला म्हणजे पुढील कागद कोठे गेले याचा उलगडा होतो. पुणे जिल्ह्याचे प्रधान जिल्हा व सत्र न्यायालय शिवाजीनगरला आहे.

काही नोंदी न्यायालयात कधीच नसतात. गावात ज्याला आपण ‘चॅप्टर केस’ म्हणतो, ती शांतता राखण्याच्या हमीची प्रतिबंधक कारवाई होय. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे तहसील किंवा प्रांत कार्यालयात चालते. तडीपारीचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली पोलीस अधीक्षक किंवा उपविभागीय दंडाधिकारी काढतात. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे ‘एन.सी.’, ठाण्यातच राहते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. यांपैकी कशाचाही शोध शिरूरच्या न्यायालयात घेऊन उपयोग नाही.

क्रमांक हाती आला की निम्मे काम झाले

न्यायालयाच्या दप्तरात प्रकरण नावाने कमी आणि क्रमांकाने अधिक सापडते. पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर क्रमांक व वर्ष हा पहिला धागा. न्यायालयात गेल्यावर त्याच प्रकरणाला नवा क्रमांक मिळतो. दंडाधिकाऱ्यांकडील नियमित फौजदारी खटल्यापुढे ‘आर.सी.सी.’ आणि संक्षिप्त खटल्यापुढे ‘एस.सी.सी.’ अशी अक्षरे असतात. सत्र खटल्याचा क्रमांक निराळा, जामीन अर्जाचा त्याहून निराळा. एकाच घटनेचे तीन-चार क्रमांक असू शकतात. ते एका कागदावर ओळीने लिहून ठेवावेत.

ई-कोर्ट प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला आणि आता तालुका न्यायालयांची माहितीही संगणकावर पाहता येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा ‘सीएनआर’ क्रमांक मिळतो. पुणे जिल्ह्यातील क्रमांक ‘एमएचपीयू’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक ठाऊक असेल तर शोध क्षणात लागतो. नसेल तर पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, गुन्हा क्रमांक किंवा वकिलाचे नाव यांवरून शोध घेता येतो.

येथे काही सावधगिरी हवी. पहिली गोष्ट नावाच्या गावांची. शिरूर कासार बीड जिल्ह्यात आहे, शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात आहे. रांजणगाव सांडस आपल्याच तालुक्यात आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळचे रांजणगाव शेणपुंजी मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. जिल्हा व न्यायालय नीट निवडले नाही, तर भलत्याच माणसाचा खटला आपल्या शेजाऱ्याच्या माथी मारला जाईल. दुसरी गोष्ट रोमन लिपीतील स्पेलिंगची. एकच मराठी आडनाव नोंदीत तीन प्रकारे लिहिलेले आढळते, म्हणून सर्व प्रकारांनी शोधावे. तिसरी गोष्ट, ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ हे दोन्ही विभाग पाहावेत. आणि नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानू नये. वडिलांचे नाव, गाव आणि वय ताडल्यावाचून निष्कर्ष काढणे हा अन्याय होईल. जुन्या प्रकरणांची माहिती संगणकावर नसेल, तर न्यायालयातील नोंदवह्यांचाच आधार घ्यावा लागतो.

प्रथम खबर अहवालाविषयी एक महत्त्वाचा निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात आदेश दिला, की संवेदनशील गुन्हे वगळता असे अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावेत. जोडणीच्या अडचणीमुळे काही सवलत असली, तरी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि दिनांक देऊन ते पाहता येतात. दोषारोपपत्र मात्र असे सर्वांसाठी खुले नाही. ते संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अमान्य केली.

नक्कल मागण्याची रीत

संगणकावर दिसणारा आदेश माहितीपुरता असतो. कार्यालयात, बँकेत किंवा वरिष्ठ न्यायालयात चालते ती सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल. ती त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते.

अर्जात खटल्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष; दोन्ही पक्षांची नावे; निकाली असल्यास निकालाची तारीख; आणि नेमका कोणता कागद हवा, हे लिहावे. ‘सर्व कागद द्यावेत’ असे लिहू नये. निकालपत्र हवे की रोजनामा, एखाद्या साक्षीदाराची जबानी हवी की पंचनामा, ते निशाणी क्रमांकासह नमूद करावे. आपले प्रकरणाशी नाते काय आणि नक्कल कशासाठी हवी, हेही स्पष्ट सांगावे. नियमाप्रमाणे न्यायालय शुल्काचा मुद्रांक लावून अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पानांच्या हिशेबाने होणारा खर्च भरून त्याची पावती जपावी. ठरल्यापेक्षा अधिक एक रुपयाही कोणाला देण्याचे कारण नाही.

नक्कल हाती आली की तिच्यावरील तारखा पाहाव्यात. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, हे तेथे लिहिलेले असते. या तारखांना मोल आहे. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची असते; १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळविण्यात गेलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जातो. ज्याने अर्जच उशिरा केला, त्याला मात्र हा लाभ पुरेसा होत नाही.

निकाली प्रकरणांचे कागद काही काळाने अभिलेख कक्षात जातात आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमधील मुदतींनुसार त्यांतील काही नष्ट केले जातात. ‘पुढे कधी तरी काढू’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. कागद नष्ट झाला असे सांगण्यात आले, तर तसे लेखी उत्तर मागावे आणि नोंदवहीतील निकालाच्या नोंदीची नक्कल मागावी.

भाषेची भीती कोणी बाळगू नये. १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली आहे. आपला अर्ज स्वच्छ मराठीत लिहावा. तो आपला अधिकार आहे.

कोणाला काय मिळते?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्याआधी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्याच संहितेने चालतात. म्हणून काही वर्षे आपल्याला दोन्ही कायद्यांची कलमे कागदांवर दिसतील. जुने ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३, साध्या मारहाणीचे ३२३ आता ११५.

फिर्यादीला प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये तसे स्पष्ट आहे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत त्याला किंवा पीडित व्यक्तीला कळविण्याचे बंधन कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे. आरोपीला दोषारोपपत्र व त्यासोबतचे कागद विनामूल्य मिळतात. कलम २३० प्रमाणे तो न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत ते द्यावयाचे असतात. पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही ते मिळतात. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत लगेच आणि विनामूल्य दिली जाते. निर्णयामुळे ज्याच्यावर परिणाम झाला आहे, अशी अन्य व्यक्तीही शुल्क भरून निकाल, आदेश, जबानी किंवा अभिलेखाचा भाग मागू शकते. ही तरतूद पूर्वी कलम ३६३ मध्ये होती, आता ४०४ मध्ये आहे.

उरतो तो त्रयस्थ. त्याला दार पूर्ण बंद नाही, पण उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अनेकांना वाटते की माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की काम झाले. २००५ च्या त्या कायद्याने सामान्य माणसाला मोठे बळ दिले, यात शंका नाही. परंतु न्यायालयीन अभिलेखाच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून योग्य दारावरच थाप द्यावी, वेळ वाचतो.

वकिलाचा खर्च परवडत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावरही उपाय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे बांधव, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्याच कलमात औद्योगिक कामगाराचाही उल्लेख आहे. येथे कारखान्यांत राबणाऱ्या किती बंधूंना हे ठाऊक असेल? तालुका विधी सेवा समिती न्यायालयातच असते आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक देशभर चालतो.

कागद शेवटच्या पानापर्यंत वाचावा

नक्कल मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती नीट वाचणे. प्रथम खबर अहवाल म्हणजे एका बाजूचे म्हणणे. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांच्या तपासाचा निष्कर्ष. यांपैकी काहीही न्यायालयाचा निर्णय नव्हे.

खटला चालण्यापूर्वीच प्रकरण संपले असेल, तर ‘समरी’ कोणती हे पाहावे. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी निष्पन्न झाला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद खोटी व द्वेषबुद्धीने केलेली. ‘क’ समरी म्हणजे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची तक्रार. या तीन अक्षरांत एखाद्याच्या अब्रूचा फैसला असतो. खटला चालला असेल तर शिक्षा, निर्दोष मुक्तता, दोषारोप ठेवण्यापूर्वीच केलेली सुटका, तडजोड किंवा उच्च न्यायालयाने रद्द केलेली कार्यवाही, यांपैकी काय घडले ते पाहावे. आणि शिक्षा असली, तरी वर अपील झाले का, हे तपासल्यावाचून शेवटचा शब्द उच्चारू नये.

नोकरीच्या अर्जात गुन्ह्याविषयी विचारले असेल तर तो लपवू नये. अवतार सिंग यांच्या २०१६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. आणि माहिती दडविली असली, तरी प्रकरण किती किरकोळ होते व त्याचा शेवट काय झाला, याचा विचार नियोक्त्याने करावा. खरे लिहावे आणि निकालाची नक्कल जोडावी. दडवून ठेवलेली किरकोळ केस ही उघड सांगितलेल्या केसपेक्षा अधिक घात करते.

अधिकाराबरोबर मर्यादा

न्यायालये खुली असतात, म्हणजे नोंदी कोणाच्या बदनामीसाठी खुल्या असतात असे नाही. बलात्कार व तत्सम गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत २०१२ च्या कायद्याचे कलम २३ आणि विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या बाबतीत २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ असाच निर्बंध घालते. अशी प्रकरणे शोधून त्यांतील नावे मोबाइलवर फिरविणारा माणूस समाजसेवा करीत नसतो. तो स्वतःच आरोपी होत असतो.

समाजात काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एक नियम घालून घ्यावा. आपल्या विरोधकाविषयी कोणी ‘केस आहे’ असे म्हणाले, तर क्रमांक विचारावा. क्रमांक मिळाला तर निकाल विचारावा. निकाल मिळाला तर तो पूर्ण वाचावा. आपल्या माणसाविषयी असेच बोलले गेले, तर रागावण्याऐवजी त्याच्यासोबत शिरूरला जावे आणि नक्कल काढून द्यावी. मोजमाप दोघांना एकच असले पाहिजे. रामशास्त्र्यांचे नाव घ्यायचे, तर एवढे तरी पाळावे लागेल.

आपल्याकडे सातबारा जपून ठेवण्याची सवय आहे. जमिनीचा कागद गहाळ झाला तर आपण रात्रभर झोपत नाही. अब्रूचा कागद मात्र आपण न्यायालयाच्या कपाटात ठेवून येतो. माझी आपणाला एकच विनंती आहे. ज्यांच्या घरातील प्रकरण निकाली निघाले आहे, त्यांनी या महिन्यात नकलेसाठी अर्ज करावा. तिच्या दोन प्रती काढून एक घरात आणि एक अन्यत्र ठेवावी. आणि प्रत्येक वस्तीवरील दोन सुशिक्षित तरुणांनी ही पद्धत शिकून घ्यावी, म्हणजे शेजारच्या वृद्ध बापाला किंवा एकट्या बहिणीला दलालाच्या दारी जावे लागणार नाही.